अनशाआक्कांचा उजवा हात

“तोंड उघडा, आक्का,” मी म्हणाले. अनशाआक्कांनी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

“अजून मोठं उघडा.”

“येवढंच उगाडतंय, बाय,” त्या दातांच्या फटीतूनच बोलल्या. “धा-बारा वरसं झाली. भाकरीचा घासबी कुस्करून घालाय लागतोय.”

त्या फटीत माझं एक बोट गेलं, दुसरं जाईना. गाल आतून चामड्यासारखा कडक झाला होता. कमरेच्या चंचीत सुपारी, चुना आणि तंबाखू, आणि त्याची गोळी चाळीस वर्षं गालात. दुसरं काय होणार? मी हातमोजा काढला आणि डॉक्टर पिसाळांकडे बघून मान हलवली.

“नाही म्हणजे काय, मॅडम?”

“म्हणजे यांना झोपवता येणार नाही, सर. झोपवलं की घशातून श्वासाची नळी घालावी लागणार. ती घालायची कुठून?”

“मग नळीशिवाय झोपवा. मी भराभर उरकतो.”

मी आक्कांकडे वळले. “सकाळपासून काय खाल्लंत?”

“शिरा. चांगला ताटभर. बाळातनीच्या घरनं सुईनीला उपाशी कोन लावून देतंय?”

आता बोलायलाच नको. भरल्या पोटी झोपवलं आणि उलटी झाली, तर ती सरळ फुफ्फुसात उतरणार, आणि मला त्यांच्या तोंडात बोटसुद्धा घालता येणार नाही. मी तसं सरांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा झाले होते.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी पिसाळ सरांचा बारा खाटांचा दवाखाना होता. हाडांचे डॉक्टर आसपास ते एकटेच. हात सोन्याचा आणि जीभ कातरीची. मी सत्तावीस वर्षांची, मिरजेहून भूलशास्त्र शिकून आठ महिन्यांपूर्वी इथे आले होते. औषधांची बॅग लुनाला अडकवून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायचं, हा माझा धंदा. डॉक्टर शैलजा बारटक्के हे नाव फक्त माझ्या पत्रांवर होतं. गावासाठी मी भूलवाली बाई. पेशंट जागा व्हायच्या आत मी पुढच्या दवाखान्यात पोचलेली असायची, त्यामुळे मला कोणी ओळखतही नव्हतं.

अनशाआक्कांना मात्र पंचवीस वाड्या ओळखत होत्या. त्या दिवशी पहाटे पोपट कोळेकर नावाचा एक गडी बायकोच्या कळा सुरू झाल्या म्हणून त्यांना फटफटीवर घेऊन निघाला होता. साडेसहाला ओढ्याच्या उतारावर, वाळूवर फटफटी घसरली. पोपटला खरचटलं आणि आक्का उजव्या कोपरावर आपटल्या. आता इथवर कुणाचंही होईल. पण पुढचं पोपट सांगत होता तेव्हा माझा विश्वासच बसेना.

“म्या म्हनलं, आक्का, म्हागारी फिरू, दवाखान्यात जाऊ. तर म्हनल्या, तुझी बायकू काय थांबनार हाय का रं? चल म्होरं. पदरानं हात गळ्यात बांदला आन् डाव्या हातानं समदं केलं, डॉक्टरीनबाई. नाळंचा येढा हुता पोरीच्या गळ्यात. डाव्या हातानं काडला!” बोलता बोलता तो हसत होता आणि रडतही होता. “पोरगी झाली. पर आक्काचं काय हुईल वं?”

बाळाला न्हाऊ घालून, आईला शेक देऊन, शिरा खाऊन मग आक्का म्हणाल्या होत्या, “पोपट, आता चल. बोटं गार पडल्यात.”

बोटं गार म्हणजे किती गार? मी हातात घेतली तर हंड्याच्या बुडासारखी. पांढरी पडलेली, नखं निळसर. मनगटावर नाडी लागेना. कोपराच्या वरचं हाड मोडून त्याचं टोक पुढे घुसलं होतं आणि हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी त्याने दाबून धरली होती.

“सहा तास,” पिसाळ सर म्हणाले. “सहा तासांत रक्त पोचलं नाही तर हात मेला. साडेसहाला पडल्या, म्हणजे साडेबारा. साताऱ्याला जीपने अडीच तास, तिथे गेल्यावर तयारीला एक तास. हिशेब तुम्हीच करा.”

आक्का टेबलावर पडून सगळं ऐकत होत्या. “म्हंजे हात तोडनार?” त्यांनी सरळच विचारलं.

सरांनी त्यांच्या मनगटावर पुन्हा बोट ठेवून नाडी शोधली.

“डाक्टर, सातशेच्या वर पोरं ह्या हातानं काडल्यात म्या. आत पोर आडवं हाय का उभं, ते ह्या हाताला दिसतंय. डावा निस्ता धराय-बिराय कामाचा. सकाळी त्या पोरीच्या गळ्यातला येढा सुटंना म्हनताना माझी काय गत झाली, मलाच ठावं. ह्यो गेला तर म्या जगून तरी काय करू?” एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

माझ्या डोक्यात मघापासून एकच गोष्ट घोळत होती, आणि ती बोलायला जीभ रेटत नव्हती. शेवटी बोलले. “सर, नुसता हातच बधिर करू.”

“ब्लॉक?” सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. “तुम्ही दिलाय कधी?”

“अकरा दिलेत. मिरजेला.”

“एकटीने?”

“नाही. आमचे सर शेजारी उभे असायचे.”

“अर्धवट बधिर होतं आणि पेशंट टेबलावर बोंबलतो, दोनदा भोगलंय मी ते.” त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. “बरं. दुसरा इलाज काय आहे? अर्धा तास देतो.”

हाताच्या सगळ्या नसा मानेतून निघतात आणि गळ्याजवळच्या आडव्या हाडामागून, हसळीमागून, जुडीने खाली हातात उतरतात. त्या जुडीपाशी औषध सोडलं की खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा हात बधिर होतो, आणि माणूस टक्क जागा राहतो. आज माझ्याकडे सोनोग्राफीचं मशीन आहे. नस, सुई, औषध, सगळं पडद्यावर दिसतं. तेव्हा काहीच दिसत नव्हतं. सुई अंदाजाने घालायची आणि पेशंटला सांगायचं, हातात झिणझिणी आली, वीज गेल्यासारखं झालं की बोला. सुई नसेला टेकली हे कळण्याची ती एकच खूण. शेजारी मोठी रक्तवाहिनी, बोटभर खाली फुफ्फुस. पेशंटचं बोलणं हेच आमचं सगळं शास्त्र.

मी आक्कांना ते समजावून सांगितलं. औषध दोन सिरिंजमध्ये भरलं, निम्मं एकीत, निम्मं दुसरीत. सगळं औषध एकदम कधी संपवायचं नाही, ही मिरजेच्या सरांची शिस्त. त्यांची मान डावीकडे वळवली, हसळीच्या वर बोटाने जागा पाहिली आणि सुई घातली.

“काही जाणवतंय?”

“न्हाय.”

सुई मागे घेतली, थोडी फिरवली, पुन्हा घातली. “आता?”

“न्हाय, बाय.”

“साडेदहा,” पिसाळ सर म्हणाले.

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. शेवंता सिस्टर माझ्या कपाळावरचा घाम टिपत होत्या. सर माझ्या पाठीमागे येरझाऱ्या घालत होते. “अकरा दिलेत म्हणालात ना? बारावा आमच्याच नशिबी आला!” माझी बोटं थरथरायला लागली. लपवायला गेले तर जास्तच थरथरली. आक्का तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत होत्या, ते मला दिसत होतं.

“आला,” त्या एकदम म्हणाल्या.

“करंट आला? कुठे?”

“हातात. आला बग. घाल औषिद.”

माझा जीव भांड्यात पडला. सुई जागच्या जागी धरून मी पहिली सिरिंज रिकामी केली. सरांच्या येरझाऱ्या थांबल्या. शेवंता सिस्टर हसल्या. मला तर उडी मारावीशी वाटत होती.

पंधरा मिनिटं थांबून मी हातावर सुई टोचून पाहिली. “लागतंय?”

“न्हाय.”

“हे?”

“छ्या! काय बी न्हाय.”

बोटं हलवून दाखवा म्हणायची सोय नव्हती, कारण रक्त नसल्यामुळे ती आधीच हलत नव्हती. आक्का म्हणतील ते खरं. सरांनी हात धुतले, गाऊन चढवला. हिरव्या कापडांनी हात झाकला, मधे पडदा उभा केला. पडद्याच्या अलीकडे आक्कांचं डोकं आणि मी. सवयीने मी त्यांच्या कानापुढच्या नाडीवर बोट ठेवलं. मोजली, ऐंशी. शांत.

“चिमटा काढून बघतो,” पडद्यापलीकडून सर म्हणाले.

माझ्या बोटाखालची नाडी टुणकन उडाली. शंभर, एकशेदहा, एकशेवीस. मी आक्कांच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा अगदी जसाच्या तसा. उलट माझ्याकडे बघून हसल्या.

“लागलं का, आक्का?” सरांनी विचारलं.

“न्हाय वं. चालू द्या तुमचं.”

“मस्त! सिस्टर, चाकू.”

“थांबा!” मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेवंता सिस्टरांच्या हातातला चाकू खणकन ट्रेमध्ये पडला.

“काय झालं?”

“त्यांना लागतंय, सर. सगळं लागतंय.”

“अहो, त्या स्वतः म्हणतायत नाही लागत!”

“तोंडाने म्हणतायत. तुम्ही पुन्हा चिमटा काढा.”

त्यांनी काढला. नाडी पुन्हा उसळली आणि आक्कांनी पुन्हा हसून दाखवलं. मी खाली वाकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “आक्का, खरं सांगा. लागलं ना?”

“उलीसं.”

“उलीसं म्हणजे किती?”

“कशाला हुडकत बसतीस गं? कापू दे की त्येला. म्या न्हाय हलायची. यल्लमाची आन.”

“आणि मघाशी करंट आला म्हणालात, तो?”

त्यांनी डोळे दुसरीकडे वळवले. “तुजा हात लई थरथरत हुता. त्यो बाबा मागनं टाकून बोलत हुता. पोरगी घाबारलीया, म्हनलं, आला म्हनावं. तुजं काम तरी हुईल.”

तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्याच वेळी रडू फुटायला आलं. ही बाई, मोडल्या हाताने पहाटेपासून उभी असलेली, माझी लाज राखावी म्हणून जिवंत मांसावर चाकू चालवून घ्यायला निघाली होती! आणि मी तिच्या शब्दावर निम्मं औषध भलत्याच ठिकाणी ओतून बसले होते.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पिसाळ सरांनी हातमोजे ओढून काढले. “बास झालं. बाहेर चार माणसं आहेत ती बोलावतो. धरतील. सोसेल बाई, दिसतंयच.”

“व्हय, धरा,” आक्का म्हणाल्या. “म्या सोसते.”

“कोणी धरायचं नाही आणि कोणी सोसायचं नाही!” मी म्हणाले. त्या दिवसापर्यंत आठ महिन्यांत त्या दवाखान्यात माझा आवाज कधी चढला नव्हता. “सर, तुम्हाला तासभर त्या रक्तवाहिनीशी खेळायचंय. एक हिसका बसला तर फाटेल. मला अजून दहा मिनिटं पाहिजेत. आणि माझ्या मागे उभं राहायचं नाही. तिकडे कोपऱ्यात जाऊन बसा.”

सर खरंच कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. त्यांना आयुष्यात कोणी असं बसवलं नसावं.

मी दुसरी सिरिंज हातात घेतली आणि आक्कांसमोर खाली बसले, डोळ्यांना डोळे लावून.

“आक्का, बाई कळा येतायत म्हणून खोटंच कण्हायला लागली, तर तुम्हाला कळतं?”

“न कळाय काय झालं? प्वाटावर हात ठिवला की कळतंय.”

“मला तसं कळत नाही. माझ्या सुईला डोळे नाहीत. तुम्ही बोलाल तेवढंच तिला दिसतं.”

त्यांनी माझ्या हातातल्या सिरिंजकडे पाहिलं.

“एखाद्या बाळंतिणीला तुमची दया आली समजा. आक्का दमल्यात, जाऊ दे बिचाऱ्या घरी, असं म्हणून ती खोटंच म्हणाली, पोर पायाकडून येत नाही, सरळ येतंय. तर?”

“मुडदा पाडीन तिचा!”

“मग मी तुमचं काय करू?”

आक्कांच्या त्या अर्ध्या उघडणाऱ्या तोंडातून हसू फुटलं, आणि पहिल्यांदाच ते मला खरं वाटलं. “चुकलं माजं,” त्या म्हणाल्या. “घाल सुई. आता समदं सांगते. तूबी दम खा जरा. छातीत वारं भरून घे. हां. आता घाल.”

मी श्वास घेतला आणि सुई घातली.

“कायतरी हाय. मुंगी चावल्यागत.”

“कुठे?”

“खांद्यावर. वरल्या अंगाला.”

म्हणजे सुई जुडीच्या कडेला होती. मला हातात उतरणारी नस पाहिजे होती. सुई केसभर मागे घेतली, टोक जरा आत वळवलं. “आता?”

“मुंगी गेली. काय न्हाय. खोटं सांगत न्हाय, काय न्हाय.”

“बरोबर. आता?”

“न्हाय. थांब. गडबड करू नगंस. बेतानं. जरा आजून… दंडात आलं! दंडात कायतरी सरपाटलं!”

एक केस पुढे. फक्त एक केस.

“आगाई गं!” आक्का किंचाळल्या. “आंगठ्यात! आंगठ्यात ईज पडली! समद्या बोटांत गेली! हलू नगंस! हितंच हाय! घाल, पोरी, घाल औषिद!”

सिरिंजचा दट्ट्या मी आधी मागे ओढून पाहिला. रक्त नाही. मग हळूहळू औषध सोडलं. आक्का प्रत्येक थेंबाची बातमी देत होत्या, “गरम गरम वाटतंय… आता जड हुतंय… आगं, ह्यो हात चालला कुटं? लांब चालला की गं!” शेवंता सिस्टरांनी तोंडावरच्या मास्कवरून पदर लावला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. मला विचाराल तर मी दोन्ही करत होते.

दहा मिनिटं. सर पुन्हा हात धुऊन, नवे हातमोजे घालून पडद्यापलीकडे आले होते. मी कानापुढच्या नाडीवर बोट ठेवलं आणि त्यांना चिमटा काढायची खूण केली. बोटाखाली नाडी तशीच, शांत, सारखी. जोरात काढा, म्हणून मी पुन्हा खूण केली. नाडी हलली नाही.

“आक्का, लागलं का?”

“कवा?”

“आत्ता. सरांनी चिमटा काढला तेव्हा.”

“काडला का? मग सांगायचं तरी!”

पिसाळ सर मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना तोवर ऐकलं नव्हतं. “चाकू!” ते म्हणाले, आणि या वेळी मी गप्प राहिले. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

मग सुरू झाली शर्यत. पलीकडे सर आणि सिस्टर, मधे कापड, अलीकडे आम्ही दोघी. आक्का मला सकाळच्या बाळंतपणाची हकीकत सांगत होत्या आणि मी एक कान त्यांच्याकडे, एक कान पडद्यापलीकडे ठेवून उभी होते. पावणेबारा. “हाडाचं टोक दिसलं.” बारा. “रक्तवाहिनी अडकलीय, बघा, टोकाखाली चेपलीय. फाटलेली नाही!” बारा दहा. “धरा. जरा ओढा. अजून.” आक्कांनी गोष्ट मधेच थांबवली.

“सिस्टर, बोटं बघा,” सर म्हणाले.

“सर… सर, रंग येतोय! नखं लाल व्हायला लागली!”

मी मान लांब करून पाहिलं. ती पांढरीफटक बोटं टोकापासून गुलाबी होत होती, माझ्या डोळ्यांदेखत, एकामागून एक. शेवंता सिस्टरांनी मनगटावर बोट ठेवलं आणि ओरडल्याच, “नाडी! सर, नाडी आली!” बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी दार ढकलून बाहेर ओरडले, “पोपटराव, रक्त आलं हातात!” बाहेर व्हरांड्यात एवढा गलका झाला की शेजारच्या गिरणीतली माणसं धावत आली.

पण आत सरांचा चेहरा खुलला नव्हता. हाड तारा घालून बसवलं, टाके घातले, पट्टी बांधली. हात धुताना त्यांनी मला हळूच बाजूला बोलावलं. “रक्त आलं, हे झालं निम्मं. पण जवळजवळ सहा तास त्या नसा रक्तावाचून होत्या. त्या मेल्या असतील तर हात नुसता लोंबेल. सुया टोचा नाहीतर विस्तव ठेवा, कळणार नाही. तुमचं औषध उतरेपर्यंत काही सांगता येत नाही.”

“उतरल्यावर कसं कळेल?”

“एवढं मोठं ऑपरेशन झालंय, दुखायला पाहिजे. सडकून दुखायला पाहिजे. दुखलं तर हात वाचला.”

दुखतंय की नाही, हे सांगणार कोण, तर अनशाआक्का! त्यांच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला होता? चार वाजता मला दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं. त्यांना निरोप धाडला की येत नाही, आणि मी आक्कांच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले.

तीन वाजले. आक्कांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून पाहिला. “कुनाचा गं ह्यो? माजा न्हाय वाटत.” चार वाजले. “आक्का, काही होतंय?” “काय न्हाय.” साडेचार. “काय न्हाय, बाय. तू घरी जा. दमलीस.” मी नाडी पाहिली तर नव्वद. पण त्या वयाच्या बाईची नाडी काळजीनेही नव्वद होते. त्या खरं बोलत होत्या तर हात गेला होता. खोटं बोलत होत्या तर वाचला होता. आणि आक्का छताकडे बघत पडल्या होत्या. मी त्यांना सरांचं बोलणं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मला बरं वाटावं म्हणून दुखत नसतानाही दुखतंय म्हणाल्या असत्या.

पोपट दारात उकिडवा बसला होता. पिसाळ सर दर पंधरा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून डोकावून जात होते. पाच वाजून गेले. माझा धीर खचत चालला होता.

“पोरी,” आक्का म्हणाल्या.

“काय, आक्का?”

ओठ घट्ट मिटलेले. मग त्यांच्या डोळ्यांतून एकदम पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

“दुखतंय गं.”

“कुठे?” मी पुढे वाकले.

“समदीकडं. कोपरात, आंगठ्यात, करंगळीत. आगं, लई दुखतंय! सकाळपास्नं दुखतंय! पडले तवापास्नं जीव चाललाय माजा!” आणि त्या ओरडल्या. सातशे बायकांच्या उशाशी बसलेली ती बाई आपल्या स्वतःसाठी गळा काढून ओरडली. “आये, दुखतंय गं, दुखतंय!”

पोपट ताडकन उठला आणि व्हरांड्यातून पळत सुटला. “दुखतंय! आक्काला दुखतंय!” पिसाळ सर धावत आले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. “अंगठा हलवा, आक्का!” अंगठा हलला. थोडासाच, पण हलला. शेवंता सिस्टरांनी माझ्या गळ्यात हात टाकले. सरांनी टाळी वाजवली. दारात जमलेली माणसं हसत होती, मी हसत होते, आणि मधे खाटेवर आक्का घामाघूम होऊन आम्हा सगळ्यांकडे डोळे वटारून बघत होत्या.

“आरं, दुखतंय म्हनते न्हवं मी?” त्या कडाडल्या. “दात काय काडताय समदी? सुई द्या की मला!”